ड्युटी बेल्टवर काय, कुठे आणि कोणत्या हातासाठी

जिल्हा पोलीस दलातल्या एका अंमलदाराने विचारलं आहे: "क्यूआरटीच्या (शीघ्र प्रतिसाद पथकाच्या) प्रशिक्षणासाठी निवड झाली आहे. आजवर चामडी पट्टा आणि झाकणाचं होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) वापरलं. आता स्वतःच्या पैशाने नायलॉनचा टॅक्टिकल बेल्ट घेतोय. नऊ एमएम पिस्तूल, गोळ्यांची दोन जादा मॅगझिन, वॉकीटॉकी, बेड्या, टॉर्च, प्रथमोपचाराचं पाऊच यांतलं काय कुठे लावू? लांब बंदोबस्तानंतर कंबर धरते, त्यावर काही उपाय आहे का? सोबतच्या महिला अंमलदार म्हणतात की बेल्ट वर सरकतो आणि पिस्तुलाची मूठ बरगडीला टोचते."

प्रश्न नीट विचारलाय, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. पण खरेदीआधी तुमच्या राखीव पोलीस निरीक्षकांना किंवा प्रशिक्षण देणाऱ्या अधिकाऱ्यांना विचारून घ्या. सरकारी हत्यार खाजगी होल्स्टरमध्ये बाळगायचं की नाही, हा निर्णय तुमचा नाही, युनिटचा आहे. पुष्कळ जण आधी हजारो रुपये घालतात आणि मग परेडला साहेब ते उतरवायला लावतात.

आता मूळ मुद्दा. बेल्टची आखणी सामानापासून सुरू करू नका, हातांपासून करा. तुम्ही उजवे असाल तर उजवा हात पिस्तुलाचा. तो दुसऱ्या कुठल्याही कामात गुंतता कामा नये. मॅगझिन, वॉकीटॉकी, टॉर्च, बेड्या ही सगळी डाव्या हाताची कामं. आणि रक्तस्राव थांबवायचं टुर्निके, म्हणजे दांडीने पिळून आवळायचा पट्टा, मात्र दोन्ही हातांचं, कारण कोणता हात जखमी होईल हे आधी कुणालाच माहीत नसतं. हे एवढं पक्कं झालं की निम्म्या वस्तूंच्या जागा आपोआप ठरतात. जागा सांगण्यासाठी कंबर म्हणजे घड्याळ समजा: नाभी बारा, उजवी कंबर तीन, मणका सहा, डावी कंबर नऊ. डावखुऱ्यांनी सगळं उलटं वाचायचं. दुकानात उजवंच होल्स्टर मिळतं म्हणून तेच वापरणारे डावखुरे मी पाहिलेत. तसं करू नका, थांबा पण डावंच मागवा.

बेल्ट कोणता घ्यायचा? पारंपरिक ड्युटी बेल्ट साधारण ५७ मिलिमीटर रुंद असतो. तो पँटच्या पट्ट्यावर बसतो आणि कीपर नावाच्या छोट्या पट्ट्यांनी त्याला जखडतात. नवे टॅक्टिकल बेल्ट दोन पदरी असतात. आतला ३८ मिलिमीटरचा पट्टा पँटच्या लूपमधून ओवायचा, त्याच्या बाहेरच्या अंगाला वेल्क्रो असतं. बाहेरचा, बहुधा ४५ मिलिमीटरचा कडक पट्टा त्यावर चिकटतो. रोज पळायचं, आडवं पडायचं, भिंत चढायची असेल तर दोन पदरीच घ्या. पाऊच अडकवायला त्यावर शिवलेले किंवा कापलेले लूप असतात. त्यांचं माप ठरलेलं आहे: २५ मिलिमीटरची पट्टी, दर ३८ मिलिमीटरवर टाका. स्वस्त बेल्टमध्ये हे माप हुकतं आणि पाऊच एक तर बसत नाही, नाहीतर हलत राहतं. दुकानात मोजपट्टी लावून पाहायला लाजू नका.

कडकपणाही हाताने तपासा. बेल्टचं एक टोक हातात घेऊन तो कडेवर उभा धरा आणि दुसरं टोक हवेत आडवं राहू द्या. लगेच मान टाकत असेल तर पिस्तुलाच्या वजनाने तो कमरेवर बाहेरच्या बाजूला कलंडणार. माप पँटच्या नंबरवरून घेऊ नका. गणवेशावरून, आतला पट्टा बांधून, कमरेच्या हाडांवरून टेप फिरवा. बकल धातूचं, दोन्ही बाजू एकदम दाबल्याशिवाय न सुटणारं असावं. ऑस्ट्रियाच्या ऑस्ट्रिआल्पिन कंपनीचं कोब्रा बकल याच कारणाने नावाजलं आहे, ताण असताना ते उघडतच नाही. त्याच्यासारखी दिसणारी नक्कल बाजारात भरपूर आहे, तेव्हा झटके देऊन पाहा.

होल्स्टरवर मी सर्वांत जास्त वेळ घालवायला सांगेन. जागा तीनवर, फार तर पाव इंच मागे. आपल्याकडचं नऊ एमएम १ए पिस्तूल ईशापूरच्या रायफल फॅक्टरीत बनतं, मूळ आराखडा ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तुलाचा, मॅगझिन १३ राऊंडचं (गोळ्यांचं). ग्लॉक १७ असेल तर १७ राऊंडचं. होल्स्टर नेमक्या तुमच्या पिस्तुलासाठी घडवलेलं हवं. 'सगळ्यांना बसतं' असं लिहिलेलं कापडी होल्स्टर घेऊ नका, त्यात पिस्तूल खोलवर घट्ट बसत नाही आणि परत घालताना तोंड मिटून जातं. मग डावा हात मदतीला येतो आणि नळीच्या तोंडासमोरून जातो. रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या मैदानावर, हे पाहिलं की मी लगेच प्रॅक्टिस थांबवतो.

दुसरं, पिस्तूल धरून ठेवणारी कळ. गर्दीच्या बंदोबस्तात मागून कुणी मूठ धरून खेचली तर होल्स्टरने ते सोडता कामा नये. म्हणून किमान दोन टप्प्यांची पकड असलेलं घ्या, आणि ती कळ अंगठ्याने सुटणारी असावी. तर्जनीने बटण दाबून सोडायची होल्स्टर स्वस्तात मिळतात, ती मी कुणालाही सुचवत नाही. घाईत तर्जनी दाबलेलीच राहते आणि पिस्तूल वर येताच तेच बोट ट्रिगरवर घसरतं. मांडीत गोळी घुसण्याचे अपघात असेच होतात.

लॅनयार्ड, म्हणजे पिस्तूल अंगाशी बांधून ठेवणारी दोरी, बहुतेक युनिटमध्ये सक्तीची असते आणि ती बांधताना मापाकडे कुणी पाहत नाही. रिकाम्या हत्याराने दोन्ही हात पूर्ण लांब करून पाहा. दोरी ताणली जाऊन हात पूर्ण लांब होण्याच्या चार बोटं आधीच पिस्तूल थांबत असेल तर ती आखूड आहे. उलट गुडघ्यापर्यंत लोंबत असेल तर गाडीच्या दाराच्या कडीत अडकेल. हात पूर्ण लांब केल्यावर एक वीत ढील राहिली की पुरे.

बुलेटप्रूफ जॅकेट घालून ही सगळी चाचणी पुन्हा करा. नुसत्या गणवेशात झकास निघणारं पिस्तूल जॅकेटच्या खालच्या कडेला मुठीत अडकतं. त्यासाठी होल्स्टर बेल्टपासून दीड-दोन इंच खाली उतरवणारी पट्टी मिळते. पार मांडीच्या मध्यावर लोंबणारं होल्स्टर मात्र घेऊ नका, पळताना ते पायावर आपटतं आणि हात खाली शोधत जातो. थोडं खाली उतरवून मांडीला एक पट्टा बांधला की पुरे होतं.

महिला अंमलदारांच्या तक्रारीचं उत्तरही बरंचसं इथेच आहे. कंबर बारीक आणि नितंब रुंद असले की बेल्ट वरच्या अरुंद भागाकडे सरकतो, होल्स्टरचं खालचं टोक बाहेर ढकललं जातं आणि वरचं टोक, म्हणजे मूठ, बरगडीत रुतते. ही घालणारीची चूक नाही. पट्टा सरळ रेषेत कापलेला असतो आणि शरीर सरळ नसतं, म्हणून असं होतं. उपाय दोन. एक, खाली उतरवणारी पट्टी आणि तिच्यासोबत बाहेरच्या बाजूला थोडं अंतर देणारा जाड तुकडा, म्हणजे मूठ अंगापासून सुटते. दोन, वक्राकार कापलेला बेल्ट, जो कमरेच्या हाडांवर खाली टेकतो. बेल्ट आणखी घट्ट आवळणं हा उपाय नाही, त्याने दुखणं वाढतं.

मॅगझिन डावीकडे, नऊ ते दहाच्या दरम्यान, गोळ्यांची टोकं पुढे, बकलच्या दिशेने. याचं कारण हाताने समजून घ्या. डावा हात खाली जातो, तळवा मॅगझिनच्या बुडावर टेकतो आणि तर्जनी पुढच्या कडेवरून पसरून पहिल्या गोळीच्या टोकाला लागते. आता ती तर्जनी पिस्तुलाच्या मुठीतल्या खाचेकडे रोखली की मॅगझिन न पाहता आत जातं. उलटं ठेवलं तर मनगट हवेत फिरवावं लागतं आणि अंधारात ते चुकतं. पाऊच इतकं घट्ट हवं की उलटं धरून उडी मारली तरी मॅगझिन पडू नये, आणि इतकं मोकळं की एका ओढीत निघावं. झाकणाचं पाऊच पावसासाठी चांगलं, पण ते एका हाताने उघडायचा सराव हवा. आधी पुढचं मॅगझिन काढायचं, मागचं नंतर, हा क्रम कधी बदलू नका.

प्रशिक्षणात रिकामी मॅगझिन टाकायला मागे सातच्या आसपास एक दुमडणारी पिशवी लावा. रेंजवर ती कामाची असते. शहरातल्या ड्युटीवर तिची गरज नाही.

एक गोष्ट परदेशी व्हिडिओ पाहून बेल्ट लावणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेत ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्याचा सीटबेल्ट उजव्या कमरेपाशी, म्हणजे पिस्तुलाजवळ अडकतो, आणि त्यांचे सगळे सल्ले त्या हिशेबाने असतात. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे. त्याच्या सीटबेल्टचं कुलूप डाव्या कमरेशी येतं, जिथे मॅगझिन आणि वॉकीटॉकी आहेत. पुढच्या डाव्या सीटवर बसणाऱ्याचं कुलूप मात्र उजवीकडे, थेट होल्स्टरशेजारी. म्हणून तुम्ही गाडी चालवणार की शेजारी बसणार, हे ठरवूनच जागा पक्क्या करा. चालवणाऱ्याने आठ ते नऊमध्ये जाड पाऊच ठेवू नये. शेजारी बसणाऱ्याने सीटबेल्ट सोडून उतरण्याचा सराव दार उघडत, उजवं कोपर होल्स्टरला चिकटवून करावा, नाहीतर परत जाणारा पट्टा मुठीला वळसा घालतो. उभ्या गाडीत, रिकाम्या हत्याराने हे करून पाहायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात सगळे अडथळे सापडतात.

आता टुर्निके. हातापायाची मोठी धमनी तुटली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो, इतक्या वेळात ॲम्ब्युलन्स येत नाही. म्हणून ते प्रथमोपचाराच्या पाऊचमध्ये आत कोंबून ठेवू नका. बकलच्या डावीकडे, दहा-अकराच्या दरम्यान, आडवं, दोन्ही हातांना सापडेल असं लावा. वरचं प्लॅस्टिक आधीच काढून टाका, रक्ताने ओल्या बोटांनी ते फाटत नाही. पट्टी एका हाताने मांडीत घालता येईल इतकी मोठी उघडून घडी घाला. जखमेच्या पाच ते सात सेंटिमीटर वर, सांध्यावर नाही. गोळीबार चालू असेल आणि जखम नेमकी दिसत नसेल तर कपड्यांवरूनच जितकं वर जाईल तितकं वर. रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची, दुखून माणूस ओरडला तरी थांबायचं नाही, मग दांडी अडकवायची आणि वेळ लिहायची. नकली टुर्निकेची दांडी पिळताना वाकते किंवा तुटते, तेव्हा ओळखीच्या पुरवठादाराकडूनच घ्या. सरावाचं वेगळं ठेवा, त्यावर रंगाने खूण करा. सरावात शंभरदा पिळलेलं ड्युटीवर न्यायचं नाही. उजवा हात मागे बांधल्यासारखा ठेवून डाव्याने डाव्याच मांडीला लावता आलं, की जागा बरोबर आहे असं समजा.

बाकीचं प्रथमोपचाराचं सामान, म्हणजे दाबपट्टी, जखमेत भरायची गॉज, छातीच्या जखमेवरची चिकटपट्टी, हातमोजे आणि कात्री, हे मऊ आणि चपट्या पाऊचमध्ये मागच्या बाजूला चालतं. ओढल्यावर संपूर्ण हातात येणारं पाऊच घ्या. सोबत्यालाही ते कुठे आहे ठाऊक असलं पाहिजे, कारण तुम्ही पडलात तर तुमचंच पाऊच तो तुमच्यावर वापरणार. संपूर्ण तुकडीने ते एकाच जागी लावावं, हा माझा आग्रह आहे.

मऊ पाऊच चालतं, पण बरोबर सहावर, मणक्यावर, कुठलीही कडक वस्तू नको. बेड्या तिथे अडकवायची जुनी सवय आहे. झटापटीत पाठीवर पडलात तर लोखंड थेट मणक्यावर आदळतं. बेड्या आठच्या आसपास घ्या. त्या मुळात घ्यायच्या का, हाही प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली प्रेमशंकर शुक्ला खटल्यात सरसकट बेड्या घालणं घटनाबाह्य ठरवलं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४३(३) मध्ये गुन्ह्याचं स्वरूप आणि गांभीर्य पाहून, ठराविक प्रकरणांत बेड्यांची मुभा आहे. म्हणजे तुकडीतल्या प्रत्येकाच्या कमरेला बेड्या असण्याची गरज नाही. अटक करणाऱ्या जोडीकडे त्या असल्या की पुरतात, बाकीच्यांचं पाव किलोहून जास्त वजन वाचतं.

वॉकीटॉकी आठ-नऊवर (गाडी चालवणाऱ्याने मात्र ही जागा टाळावी), अँटेना कोपराच्या मागे, माइकची वायर पाठीवरून डाव्या खांद्यावर. छातीवरून आडवी गेलेली वायर रायफलच्या स्लिंगमध्ये (खांद्यावरच्या पट्ट्यात) गुंतते. टॉर्च डाव्या हाताला, मॅगझिनच्या मागे.

पेपर स्प्रे किंवा विजेचा झटका देणारं साधन मिळालं तर ते पिस्तुलाच्या विरुद्ध बाजूला. पण एवढ्याने निश्चिंत होऊ नका. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेत मिनेसोटातल्या ब्रुकलिन सेंटर इथे किम पॉटर या पोलीस अधिकाऱ्याने टेझर समजून पिस्तूल झाडलं आणि डाँटे राइट हा वीस वर्षांचा तरुण गेला. तिचा टेझर डावीकडेच होता, पिस्तूल उजवीकडे. जागा बरोबर होती, तरी ताणाखाली हात पिस्तुलाकडेच गेला. म्हणून डाव्या साधनाचा सराव डाव्या हाताने, मोठ्याने नाव उच्चारत, वेगळा करावा लागतो.

कमरेच्या दुखण्याकडे येतो. साधा हिशेब मांडा: भरलेलं ग्लॉक सुमारे ९०० ग्रॅम, दोन भरलेली मॅगझिन साडेपाचशे, वॉकीटॉकी साडेतीनशे, बेड्या तीनशे, प्रथमोपचार साडेचारशे, टॉर्च आणि टुर्निके मिळून सव्वादोनशे, होल्स्टर-पाऊच सहाशे, बेल्ट चारशे. झाले पावणेचार किलो. त्यात पाण्याची बाटली लावली की पाच. पाणी बेल्टवर लावूच नका, पाठीवर घ्या.

मांडीच्या बाहेरच्या बाजूला मुंग्या येतात, जळजळ होते किंवा कातडी बधिर वाटते का? तसं असेल तर ते कंबरदुखी नाही. कमरेच्या पुढच्या हाडाजवळून मांडीत जाणारी एक नस आवळलेल्या पट्ट्याखाली दबते, पोलिसांतही हे आढळतं. बेल्ट एक घर सैल करा आणि बसल्यावर त्या हाडावर रुतणारी जाड पाऊच तिथून हलवा. बाराच्या, म्हणजे नाभीच्या, दोन्ही बाजूंना चार-चार बोटं मोकळीच ठेवा, वाकता येतं आणि पालथं पडता येतं. तरीही त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवा, ड्युटी संपेल तेव्हा बघू असं म्हणू नका.

खालच्या पाठीचं दुखणं बहुधा वजन एका बाजूला कलल्याने होतं. पिस्तूल उजवीकडे आहे, तेव्हा डावीकडे तेवढंच भरेल असं बघा. दुसरा उपाय जुनाच आहे: ब्रिटिशांच्या १९३७ च्या पॅटर्नच्या वेबिंगमध्ये (सैनिकांच्या कापडी पट्ट्यांच्या संचात) खांद्यावरून पट्टे येऊन बेल्ट तोलून धरायचे. आजही शर्टाखालून घालायचे किंवा जॅकेटला जोडायचे खांदेपट्टे मिळतात. जंगलातल्या लांब पायपिटीत तर मॅगझिन छातीवरच्या पट्ट्यात न्यावीत आणि बेल्टवर पिस्तूल, एक मॅगझिन, टुर्निके एवढंच ठेवावं.

शौचालयाचा विषय कुणी काढत नाही, पण गणपतीच्या बंदोबस्तात तो सर्वांनाच, आणि महिला अंमलदारांना सर्वांत जास्त छळतो. बाहेरचा बेल्ट पिस्तुलासकट उतरवला तर तो दाराच्या खिळ्यावर अडकवू नका, गळ्यात किंवा मांडीवर घ्या, होल्स्टरची कळ लावलेलीच ठेवा, पिस्तूल होल्स्टरमधून काढू नका. शक्य असेल तर सोबतिणीकडे द्या, ती शस्त्राची जबाबदारी असलेली असेल तरच. दोन पदरी बेल्टचा इथे मोठा फायदा होतो, एका बकलवर सगळं सुटतं आणि परत तंतोतंत त्याच जागी बसतं. ते तसंच बसावं म्हणून आतल्या पट्ट्यावर मध्यभागी पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घाला.

आपला पावसाळा सामानाचा वैरी आहे. चामडं फुगतं, त्याला बुरशी येते आणि होल्स्टर पिस्तुलाला घट्ट धरून बसतं. कायडेक्स प्लॅस्टिकला पाण्याचं काही नाही, पण आत अडकलेली वाळू पिस्तुलाचा रंग खरवडते. वेल्क्रोत चिखल गेला की पकड जाते. सुकल्यावर टूथब्रशने साफ करा. बेड्यांना तेलाचा हात हवा. मॅगझिनमधल्या गोळ्यांना तेल लागू देऊ नका, मॅगझिन कोरडीच पुसा.

सगळं लावून झाल्यावर रिकाम्या हत्याराने, दुसऱ्या माणसाकडून चेंबर (नळीमागची गोळीची जागा) तपासून घेऊन, हे करा: शंभर मीटर पळा, पालथे पडा, दोन्ही कुशीवर वळा, उकिडवे बसा, गाडीत चढा-उतरा, भिंतीवरून उडी घ्या. जे हललं ते घट्ट करा, जे टोचलं ते सरकवा, जे पडलं ते बदला. मग डोळे मिटून प्रत्येक वस्तूवर हात ठेवा. दोन-तीन दिवसांत जागा ठरल्या की जाड मार्करने बेल्टच्या आतून खुणा करा आणि त्यानंतर प्रशिक्षण संपेपर्यंत काहीही हलवू नका. प्रशिक्षणाला एक बेल्ट आणि ड्युटीला दुसरा, असंही करू नका.

पैसे मोजके असतील तर क्रम असा ठेवा: आधी होल्स्टर आणि अस्सल टुर्निके, मग बेल्ट, मग मॅगझिन पाऊच. वॉकीटॉकी आणि टॉर्चची पाऊचं सुरुवातीला सरकारी किंवा जुनी चालतील, ती नंतर बदला.